मायचं मशीन आणि गच्चीवरचं ऊन

चुलीच्या धुरानं फुप्फुसं निकामी झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या मायला ते पटलं नाही. "चुलीनं कुणाला काय हुतंय?" ती म्हणाली. "चुलीनंच तर ही लेकरं जगली."

दोन्ही खरं होतं. पेडगावच्या घरात तिनं चाळीसेक वर्षं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाकरी केल्या. कापूस वेचून झाला की वाळलेल्या झाडांच्या मोळ्या दारात येऊन पडायच्या आणि पुढं वर्षभर त्यांचाच धूर घरात फिरायचा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपायचं आणि संध्याकाळी त्या धुरात बसायचं. तिनं बिडी कधी ओढली नाही, तंबाखूला कधी हात लावला नाही. तरी सत्तरीत तिची अशी गत झाली की न्हाणीतून खोलीपर्यंत आलं की बसून दम घ्यावा लागे. सकाळची वंदना म्हणताना तिसऱ्या ओळीलाच तिचा श्वास तुटायचा.

पेडगावात भाऊ आणि भावजय होते, पण दोघंही दिवसभर शेतात. म्हणून मी तिला पूर्णेला माझ्याकडे आणलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा रेल्वेत, गाडीच्या डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या खात्यात. लेक लग्न होऊन गेली होती, तिची खोली रिकामी होती. ती मायला दिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकात सोडणारं मशीन घ्यायला सांगितलं. "दिवसाचे पंधरा-सोळा तास नळी नाकाला पाहिजे," ते म्हणाले. "यात चालढकल चालणार नाही." मशीन आलं. गुडघ्याच्या वर उंची, खाली चाकं, आणि सतत घुरघुर. मायनं त्याच्याकडं बघून घेतलं आणि म्हणाली, "हे काय, फ्रीजचं पिल्लूच आणून ठिवलं की उशाला."

मशीन चांगलं होतं, पण ते वीज खायचं. दिवसरात्र चालणारी वस्तू घरात आली की मीटर कसं पळतं ते आम्हाला पहिल्या दोन महिन्यांतच कळलं. त्यात परभणीकडचा उन्हाळा, कूलर बंद ठेवायची सोय नाही. बिल दुप्पट झालं आणि पुढं त्याच्याही वर गेलं. मी आणि नवरा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचो. तक्रार अशी नव्हती, दोघंही कमावते होतो. पण बिल हातात घेतलं की कपाळाला आठी पडायचीच.

एक गोष्ट आम्ही विसरलो. बिल दुपारी दाराच्या फटीतून आत पडायचं आणि दुपारी घरात माय एकटीच असायची.

मी नोकरीला नवी लागले तेव्हा प्रौढ साक्षरतेचा वर्ग माझ्याकडे होता, आणि त्या वर्गातली माझी पहिली विद्यार्थिनी मायच होती. अक्षरं तिला जरा जड गेली. आकडे मात्र पटापट आले, कारण रोजाचे पैसे मोजून घ्यायची तिला सवय होती.

वर्ष झाल्यावर मशीनच्या सर्व्हिसला माणूस आला. त्यानं जाळी साफ केली, नळ्या बदलल्या आणि मशीनच्या मागं वाकून बघितलं. तिथं एक छोटा आकडा असतो, मशीन एकूण किती तास चाललं त्याचा. तो मला म्हणाला, "मॅडम, पेशंट मधून मधून गावाला जातात का? वर्षात जेवढं चालायला पाहिजे त्याच्यापेक्षा बरंच कमी चाललंय हे."

माय कुठंही गेली नव्हती.

तो माणूस गेल्यावर मी तिच्या खाटेवर बसले. "माय, मशीन बंद ठेवतीस का?"

ती कानामागची नळी उगाच सारखी करत राहिली.

"माय, म्या काय इचारलं?"

"तू शाळंला गेलीस की बंद करती," ती म्हणाली. "यायच्या येळंला लावती."

"कामून?"

"कामून काय! बिल बगितलं म्या. माझ्या एका नाकापायी तुमचा पगार जाळायचा काय? जावाई चांगला हाय म्हणून बोलत न्हाई."

"अगं, सगळा पगार कुठं जायलाय? थोडं बिल वाढलंय."

"किती वाढलंय ते मला कळतंय. आकडे तूच शिकीवलेत."

वर्षभर ती रोज सात-आठ तास दम कोंडून बसत होती आणि मी घरात शिरायच्या आधी बटण दाबत होती. शेजारीण डोकावली तर तिच्या लक्षात येऊ नये म्हणून नळी तेवढी नाकात ठेवायची. नुसती नळी, तीत काहीच नाही. मी तिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचे तो नेहमी संध्याकाळी, मशीन तासन्‌तास चालून झाल्यावर. त्यामुळं आकडा नेहमी बरा दिसायचा.

तिच्याकडून मी वचन घेतलं. तिनं दिलंही. पण माझा भरवसा नव्हता. कंदिलाची वात बारीक केल्याशिवाय जी बाई कधी बसली नाही, तिला वीज मोकळ्या हातानं वापर म्हणून सांगणं म्हणजे पाण्यावर लिहिणं. तिच्या मनाला टोचणार नाही अशी वीज घरात आणायला हवी होती.

मग मला माय पूर्णेला यायच्या आधीची, पेडगावची एक दुपार आठवली. भावाच्या शेतात सौर पंप बसला तेव्हा मी मायला तो बघायला घेऊन गेले होते. पाटाच्या कडेला बसून ती पाण्याकडं बघत राहिली. "ह्याला बिल न्हाई?" तिनं भावाला विचारलं. तो म्हणाला, न्हाई. "मग चालू दे की दिवसभर," ती म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हा जो मोकळेपणा होता तो मला माझ्या घरात हवा होता.

मी नवऱ्याला म्हणाले, "गच्चीवर सोलर बसवू."

त्यांना या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. विजेतच जन्म गेला आहे. घर बांधलं तेव्हा त्यांनी चौकशीही केली होती. त्या वेळचा आकडा ऐकून ते हसत घरी आले होते, "एवढ्यात तर वरची खोली बांधून हुईल," म्हणाले होते. तेव्हापासून ते किमतीवर नजर ठेवून होते आणि भाव दरवर्षी खाली येत होता. तीच अडचण होती. उतरणारा भाव बघून त्यांना थांबायची गोडी लागली होती.

"अजून उतरायलाय," ते म्हणाले. "दोन वर्षं थांबलो तर आणखी सस्तं पडंल."

"तुमी थांबाल, मी थांबीन. माय थांबंल का?"

ते उठले. हातपाय धुऊन आले, चहा घेतला आणि म्हणाले, "कुणाला तरी बोलाव मग. माप तर घेऊन जाऊ दे."

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं. चौथीत असताना वर्गातला बंद पडलेला रेडिओ उघडून तिनं माझा मार खाल्ला होता. पुढं आयटीआयला तिनं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, आणि आता ती आणि तिचा नवरा मिळून घराघरांवर सोलर बसवायचं काम करत होते. ती स्कूटीवर आली, टेप काढला आणि सरळ शिडीनं पाण्याच्या टाकीवर चढली. माय अंगणात खुर्चीवर होती. "माय माय! पोरगी वर चढली!" ती म्हणाली आणि पोरगी खाली उतरेपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.

माझ्या नवऱ्यानं त्या पोरीची परीक्षाच घेतली. अर्थिंग कसं करणार, तार किती जाडीची, वीज पडली तर काय. तिनं सगळ्याची उत्तरं सरळ दिली. मग कागदावर खर्च लिहून पुढं ठेवला. सरकारी अनुदान बँकेच्या खात्यावर परत येतं, ते वजा केलं की आमच्या अंगावर पडणार होती एका बऱ्यापैकी मोटारसायकलीएवढी रक्कम. नवऱ्यानं कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का तेही बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच, सर. सोलरच्या पाट्यांचा भाव लय उतरलाय. आन् हप्त्यानं घेतलं तर हप्ता तुमच्या आताच्या बिलापेक्षा कमीच बसंल."

निघताना ती जिन्यात वाकून पाइपचं माप घेत होती तेव्हा मी तिला विचारलं, "मायचं मशीन मात्र बंद पडणार नाही ना?"

"अशी चार मशीनं चालतील मॅडम. फिकीर करू नका."

मला जे विचारायचं होतं ते मी नीट विचारलं नाही, आणि तिनं जे ऐकलं त्याचं उत्तर बरोबर दिलं. हे आम्हाला दोघींना नंतर कळलं.

तीन दिवसांत काम झालं. सहा पाट्या, माणूस खालून ताठ चालू शकेल इतक्या उंचीवर. जिन्याखाली भिंतीला इन्व्हर्टरचा डबा आणि त्याच्यावर छोटा पडदा. बाहेर जुनं मीटर काढून नवं बसायला आणखी काही आठवडे गेले. आमच्या घरातून बाहेर जाणारी वीज आणि बाहेरून आत येणारी वीज, दोन्ही मोजणारं ते मीटर. दिवसा उरलेली वीज बाहेर जाते, रात्री ती परत मिळते आणि महिन्याच्या शेवटी फरकाचं बिल येतं. मी मायला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी इसण्यासारखं. आपलं जास्तीचं शेजारणीला दिलं, आपल्याला लागलं तवा माघारी आणलं." इसणं म्हणजे हातउसनं. इतकं सोपं मी वर्गातही सांगितलं नसतं.

पडद्यावरचे आकडे बघायचा मायला नाद लागला. नळी लांब होती, खोलीतून जिन्यापर्यंत पोचायची. सकाळी नऊला एकदा, मग दर तासाला ती बघून यायची. महिनाभरात घरातल्या सगळ्या कामांची वेळ तीच ठरवू लागली. "आत्ता लय वीज हाय, कपड्याचं मशीन लाव." "ढग आलाय, गिरणी थांबीव जरा." आमची घरघंटी पूर्वी संध्याकाळी चालायची, ती आता बारा वाजता चालू लागली. पाण्याची मोटार अकराला. नवरा सुट्टीच्या दिवशी सकाळी सातलाच इस्त्री करायला बसले तर माय त्यांना म्हणाली, "जावाईबापू, ऊन वर येऊ द्या की." ते हसून इस्त्री बाजूला ठेवून उठले.

नव्या मीटरचं पहिलं बिल फटीतून पडलं तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर माय ते मांडीवर घेऊन बसलेली. मशीन घुरघुरत होतं.

"वाच," ती म्हणाली. "माझं वाचायला चुकलंय जणू."

तिचं चुकलं नव्हतं. नुसता ठरावीक आकार होता, वापरलेल्या विजेचं काहीच नाही. मी तसं सांगितलं. तिनं बिल माझ्या हातातून घेऊन घडी घातली आणि उशाखाली ठेवलं. त्यानंतर तिनं मशीनला दिवसा कधी हात लावला नाही. मला कुणावर पाळत ठेवायची नव्हती, तरी मी आठवड्यातून एकदा मशीनच्या मागं वाकून तासांचा आकडा बघत होते. तो जसा वाढायला हवा तसाच वाढत होता.

मे महिना आला. शाळेला सुट्टी लागली होती, नवरा ड्यूटीवर होते. दुपारी एकच्या सुमाराला मी कैऱ्या चिरत बसले होते आणि अचानक पंखा थांबला. पाठोपाठ मायच्या खोलीतून मशीनची शिट्टी सुरू झाली. वीज तुटली की ते ओरडतं. मला वाटलं, कुठंतरी बटण पडलं असेल. आमच्या गच्चीवर तर ऊन ओतत होतं. मी जिन्याखाली पळाले. इन्व्हर्टरचा पडदा काळा. एरवी लाईट जायची ती रात्री, पाच-दहा मिनिटांपुरती. बटणं वरखाली करून बघितली, काही नाही.

घरात जुना साधा इन्व्हर्टर होता, पंखा आणि दोन दिव्यांसाठी. त्याच्या बॅटरीत जीव नव्हता. मशीन त्याच्यावर लावलं तर दहा मिनिटांत तोही ओरडायला लागला. अडीअडचणीला ठेवलेलं छोटं ऑक्सिजनचं सिलिंडर खाटेखालून ओढलं. त्याला नळी जोडायची मी एकदाच शिकले होते. घामानं पाना हातातून निसटत होता.

"सावकाश लाव," माय म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उतरला होता, पण आवाज शांत होता. "मी काय पळून चालली न्हाई."

नळीतून हवा सुटली तेव्हा मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. शेजारणीनं येऊन सांगितलं, कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, जळालीय, वीज यायला संध्याकाळ होईल. मी नवऱ्याला फोन केला. ते तासाभरात ओळखीच्या दवाखान्यातून दुसरं सिलिंडर घेऊन आले. दुसरा फोन मी माझ्या विद्यार्थिनीला केला. त्यात मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चार वाजता ती आली. चप्पल काढून मायच्या खोलीत गेली, मायचा हात धरला आणि मग माझ्यासमोर उभी राहिली, चौथीत उभी राहायची तशी.

"मॅडम, तुमी इचारलं तवा मला वाटलं, मशीनचा लोड झेपंल का ते इचारायल्यात. लाईट गेल्यावरचं म्हणायल्यात हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. म्या सांगायला पायजे हुतं."

"डोक्यावर एवढं ऊन आणि घरात अंधार! मग ह्या पाट्या शोभेला बसवल्यास का?"

तेव्हा नवरा मध्ये बोलले. "ते बंद पडतंय ते बरोबरच आहे. डीपी जळाली म्हणजे लाईनवर माणूस चढणार. त्याला वाटणार वीज बंद आहे. आपल्या गच्चीवरची वीज उलट त्या तारेत गेली तर तो जागेवर मरंल. म्हणून लाईन गेली की हा डबा आपणहून बंद होतो." मग म्हणाले, "चूक माझीबी हाय. मला हे ठाऊक हुतं. मी आपला अर्थिंग इचारत बसलो."

तारेवर चढणाऱ्या माणसाच्या बाजूनं बोलणारा माणूस माझ्याच घरातला होता आणि रोज त्याला डबा भरून देणारी मीच होते.

उपाय तिनंच सांगितला. मोबाईलमध्ये असते त्या जातीची मोठी बॅटरी, आणि ती फक्त मायच्या खोलीसाठी. दिवसा उन्हावर भरत राहील आणि लाईट गेली की मशीन त्याच क्षणी तिच्यावर जाईल, चार-पाच तास निवांत. "दोन वर्षांमागं ही बॅटरी मीच तुमाला घ्या म्हणाले नसते, एवढी महाग हुती," ती म्हणाली. "आता परवडती. वायरिंग आन् फिटिंगचं मी काही घेणार न्हाई." फिटिंगचे पैसे आम्ही तिला दिलेच, तो भाग वेगळा. पण या वेळी नवरा थांबू म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्याबरोबर जाऊन ते बॅटरी घेऊन आले.

बॅटरी बसली त्या दुपारी आम्ही सगळे खोलीत जमलो. विद्यार्थिनी म्हणाली, आता लाईन बंद करून बघू. ती मेन स्विचकडं निघाली तशी माय खाटेवरून उठली.

"थांब. मी करती."

"मामी, तुमी बसा, मी करतो," नवरा म्हणाले.

"मशीन माझं हाय."

नळी ओढत ती भिंत धरून दारापर्यंत गेली. मेन स्विचचा दांडा जरा घट्ट होता, तिनं दोन्ही हातांनी तो खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. स्वयंपाकघरातला फ्रीज गप्प झाला. मशीन चालूच राहिलं. त्याची घुरघुर एवढी स्पष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मायनं पाच मिनिटं तसंच उभं राहून ऐकलं, मग दांडा वर केला आणि म्हणाली, "आता पुन्यांदा." दुसऱ्यांदाही मशीन थांबलं नाही. मग ती जाऊन बसली आणि विद्यार्थिनीला म्हणाली, "जेवून जा. कैरीचं लोणचं हाय."

त्याला आता दोन उन्हाळे झाले. मायची फुप्फुसं काही नवी झालेली नाहीत, होणारही नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलेली नाही, तिच्या पायांवरची सूज उतरली आहे आणि वंदना ती पुरी म्हणते, मध्ये एकदाच थांबून. गॅस मी कमी केला आहे. दिवसाचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होतो आणि फोडणीचा ठसका सोडला तर घरात धूर म्हणून नाही. पाट्यांच्या सावलीमुळं गच्ची कमी तापते आणि मायच्या खोलीला दुपारी कूलर एकवर पुरतो. पाट्या पुसायचं काम नवऱ्यानं स्वतःकडं घेतलंय. दर रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत लांब दांड्याचं पोतेरं घेऊन ते वर जातात आणि खाली आल्यावर किती धूळ निघाली ते सांगतात.

आमच्या गल्लीत आता बऱ्याच गच्च्यांवर पाट्या आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी बसवल्या, पापड-शेवयाचा धंदा करणाऱ्या बाईनं बसवल्या, कोपऱ्यावरच्या शिंप्यानंसुद्धा बसवल्या. बसवायच्या आधी लोक चौकशीला येतात ती नवऱ्याकडं किंवा माझ्याकडं नाही, मायकडं. ती खुर्चीवर बसून त्यांना पडदा दाखवते, बिलं दाखवते, आणि उठायच्या आधी एक गोष्ट न चुकता सांगते. "लाईट गेल्यावर काय, हे आदी इचारा. नीट इचारा. आमी न्हाई इचारलं."

भाऊ मात्र काही विचारायला आला नाही. दिवाळीत आला, दोन दिवस राहिला, मशीन, बॅटरी, डबा सगळं बघितलं आणि गेला. माघात त्याचा फोन आला. पेडगावच्या घरावर त्यानं चार पाट्या बसवल्या होत्या आणि बॅटरीसुद्धा. "तिकडं लाईट किती जाती तुला ठाऊकच हाय," तो म्हणाला. "बॅटरीबिगर मायला आणता येत नव्हतं. आता येती का इचार तिला."

विचारायची गरज नव्हती. फोन स्पीकरवर लावलेला होता. माय पिशवी शोधायला उठली होती.

तीन वर्षांत ती पेडगावला गेली नव्हती. सकाळी जाऊन दुपारी परतायचं तरी सिलिंडर, गाडी, वेळेचा धाक. या वेळी मशीन गाडीच्या मागच्या सीटवर आडवं पडू नये म्हणून आम्ही ते दोन गोधड्यांत उभं बसवलं आणि तिला सोडून आलो. आठवड्यासाठी, असं ठरलं होतं.

आठव्या दिवशी मी फोन केला. मागं बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं.

"घ्यायला कधी येऊ, माय?"

"आत्ता कशाला? हरभरा काढायला आलाय. मी ओट्यावर बसती, बायका घाटे आणून टाकतेत, मी सोलती. नळी पुरती ओट्यापस्तोर."

"आन् लाईट?"

"सकाळधरनं न्हाई. कुणाला पत्ताबी न्हाई," ती म्हणाली. "तुमी दोघं या की रविवारी. हुरडा संपलाय, पण हरभरा हाय. मी एवढ्यात काय येत न्हाई."